वहिनींची अंबाडी

भद्रावती, फॅक्टरी कॉलनी
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय सौ. पंचशीलावहिनी,
सप्रेम जयभीम वि. वि.

आम्ही दोघी सुखरूप पोचलो. शाजियाला चंद्रपूरच्या स्टँडवर नागपूरच्या गाडीत बसवून दिलं आणि मग मी घरी आले. फोन करणार होते, पण कोसमटोल्यात फोन लागतो तो टेकडीवर चढल्यावर, आणि दादा स्पीकर लावून टोल्यातल्या सगळ्या घरांना ऐकवतो. म्हणून पत्र. हे मात्र त्याला वाचून दाखवू नका.

शाजियाला मी कशासाठी आणलं होतं, हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसत होतो. आता तिचा नागपुरात पिशव्या आणि चटयांचा कारखाना आहे. गेल्या उन्हाळ्यात मी डेहराडूनला हेम्पच्या प्रशिक्षणाला गेले होते ना, तेव्हापासून तिच्या मागे लागले होते की तू एकदा आमच्या दादाचं माळरान बघ. हेम्प म्हणजे भांगेच्याच कुळातलं झाड, पण नशा न चढणारी जात. सालीच्या धाग्याचं कापड होतं, दोर होतो, कागद होतो. आतल्या काडीचा भुसा चुन्यात कालवून घराच्या विटा करतात, त्या उन्हाळ्यात गार राहतात म्हणे. बियांचं तेल वेगळंच. तिकडे सरकार परवाना देतं, आपल्याकडे अजून तशी सोय नाही. पण उद्या झाली तर पहिलं वावर आपलं असावं, एवढीच माझी इच्छा.

आणि शाजियानं काय केलं? तुम्ही पोळ्यासाठी वळलेली बैलांची अंबाडीची दावी बाहेर आणलीत आणि तिचं हेम्प तिथंच संपलं. दावं गालाला लावून बघत होती बाई! परतीच्या वाटेत माळरानाबद्दल एक शब्द नाही. वहिनी कुठल्या, वहिनी किती शिकल्या, वहिनी अंबाडी कोणत्या पाण्यात भिजवतात. मी खिडकीतून बाहेर बघत होते.

अजून एक लिहिते, राग मानू नका. तुम्ही आणि आई अंगणात समोरासमोर बसून अंबाडीच्या सालीचा वाख विंचरत होता, आणि मी ओसरीवर पाहुणीसारखी चहा पीत बसले होते. लहानपणी मी वाखाच्या जवळ गेले तरी आई हाकलून लावायची. दोर कसा वळतात ते तिनं मला शिकवलं नाही, तुम्हाला शिकवलं. घर माझं, आई माझी, आणि तिच्या हातातलं मात्र तुमच्याकडे गेलं.

शाजियाचा काही निरोप आला तर आधी मला कळवा. मैत्रीण माझी आहे, एवढं लक्षात असू द्या.

आईला जयभीम सांगा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची नणंद,
नंदिनी


कोसमटोला
८ सप्टेंबर

नंदिनीताईले,
पंचशीलाचा सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. तुमच्या भावानं इचारलं काय लिवलं, मी मनली नणंदबाईनं गुळाची खीर कशी करावं थे इचारलं. आता थे दोन दिवसापासून खीर मागून राह्यले.

ताई, मले जसं लिवता येते तसं लिवते. तुमच्यासारखं शुद्ध नाई जमत.

शाजियाबाई पोळ्यानंतर आल्या होत्या. एकट्याच आल्या. मले वाटलं तुमाले सांगून आल्या असन. त्यायनं वावर पाह्यलं. दरसाल आपुन अंबाडी बांधावरच लावतो, पन औंदा आईच्या हट्टापायी धानाच्या बाजूच्या पडीकात सारीकडं पेरली होती ना, थे पाहून त्या नाचाच्याच राह्यल्या. मने अंबाडीले इंग्रजीत डेक्कन हेम्प मनतेत. मने ह्याच्या वाखाचं कापसासंगं कापड होते, चटई होते, प्लास्टिकच्या बोऱ्यांच्या जागी धानाच्या बोऱ्या होतेत. नहराच्या पाळीची माती वाहून नाई जावं मनून जाळी होते. त्यायनं वावरात बोर्ड लावला. 'डेक्कन हेम्प, प्रायोगिक शेती'. बाजूले एक हिरवं पान काढलं. पान अंबाडीचंच, पन मुखरूमामा पाहून मनला का पंचशीला, हे तं भांगेचं पान दिसते. हासलो सारे.

मी शाजियाबाईले सांगतलं का हा इचार नंदिनीताईचा होय. त्या मनल्या, माहीत आहे. येवढंच मनल्या.

आता तुमी जे वाखाचं लिवलं, त्याचं सांगते. तुमाले आईनं हात लावू देल्ला नाई, मनून तुमाले वाईट वाटते. तुमाले माहीत आहे का काऊन नाई लावू देल्ला? अंबाडीच्या पेंढ्या बोडीच्या साचल्या पान्यात बुडवून ठेवाच्या, साल सडली का पान्यात उतरून थे सोलाची. कमरेइतक्या सडक्या पान्यात उभं राहा लागते. बोटाच्या सांदीत चिखल्या होतेत. त्या हातानं भात खाल्ला तं भातालेही थोच वास. मी नवी नवरी होती तवा आईनं मले बोडीत उतरवलं. मी मनली, आई, पाय सडते. तं मने, माझी नंदिनी शिकून राह्यली, तिचे हात पेनासाठी पाह्यजे, तुझ्या हाताले काय होते.

थे शिकवणं नोतं ताई. थे कामाले लावणं होतं. दोर वळाचं मी पाहून पाहून शिकली.

अन तुमी येता तवा कोंबडी कापा लागते. डिग्रीची काळी टोपी घातलेला तुमचा फोटो भितीवर आहे, त्याच्यावरची धूळ मीच पुसते. पुसता पुसता कधी कधी मनात काय येते थे लिवत नाई.

आईले जरा सर्दी आहे. जावईबापूले जयभीम. लहान तोंडी मोठं झालं असन तं पोटात घाला.

तुमची,
पंचशीला


भद्रावती
१७ ऑक्टोबर

प्रिय सौ. वहिनी,
सप्रेम जयभीम वि. वि.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चंद्रपुरात खूप वाट पाहिली तुमची. आईला ताप आल्यामुळे तुम्ही येऊ शकला नाहीत, हे दादानं सांगितलं. तिला गरम पाणीच द्या.

तुमच्या मागच्या पत्राचं उत्तर मी टाळत होते. हातांचं तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मी आईवर चिडले, मग तुमच्यावर चिडले, मग शाळेतल्या पोरांवर चिडले. विज्ञानाचा तास होता, पोरांना उगाच उभं केलं.

आणि त्यातच शाजियाचा फोन आला. डिसेंबरात नागपूरला हस्तकलेचं मोठं प्रदर्शन आहे, तिच्या दालनात तुम्ही बसणार, लोकांसमोर दोर वळून दाखवणार. हे मला तिच्याकडून कळलं, तुमच्याकडून नाही. मी विचारलं, माझ्या हेम्पच्या पिशव्यांचं काय? मी डेहराडूनकडच्या डोंगरातून धागा मागवून, रात्रंदिवस मशीन चालवून त्या शिवल्या आहेत. तर म्हणाली, धागा एवढ्या लांबून आणायचा म्हणजे पिशवीपेक्षा प्रवासच महाग पडतो. आपल्या मातीत जे उगवतं तिथून सुरुवात करू.

वहिनी, हे वाक्य माझं होतं! डेहराडूनहून आल्यावर मीच तिला ते ऐकवलं होतं. आता ती तेच मला ऐकवते, तुमच्यासाठी.

चंद्रपुरातही तेच. मैदानात सगळे नातेवाईक भेटले आणि ज्याच्या त्याच्या तोंडी पंचशीलाची शेती. इसरूकाका तर म्हणाले की गिरजाबाईनं सून आणावी तर अशी. मला राहवलं नाही. मी म्हटलं, हो तर, आमची वहिनी आता भांगेची शेती करते, वावरात बोर्डसुद्धा लावलाय. सगळे खूप हसले. कोणीतरी मोबाइलवर हेम्प शब्द शोधून पान दाखवलं, मग तर आणखीनच हसले. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात.

प्रदर्शनात नेसायला माझी निळी साडी हवी असेल तर सांगा. देईन. आनंदानं देईन असं मात्र म्हणवत नाही.

आपली ओढ आहे तशी राहावी.

तुमची,
नंदिनी


कोसमटोला
२९ ऑक्टोबर

नंदिनीताईले,
जयभीम.

तुमी पोलीस ठाण्यातून परस्पर गाडीत बसून गेल्या. आई दारात वाट पाहून राह्यली होती. मनून लिवते.

तुमी येण्याच्या आधी काय झालं थे तुमाले कोणी सांगतलं नसन. सकाळी पोलिसांची गाडी वावरात आली. साहेब नवे, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यायनं बोर्डाचा फोटो काढला, मोबाइलमधलं चित्र पाह्यलं अन शिपायायले मनले, कापा. त्यायच्यातला एक शिपाई आपल्याच भागातला. थो मनला, साहेब, ही अंबाडी होय, माझी माय भाजी करते. साहेब मनले, मंग बोर्डावर काऊन हेम्प लिवलं? मी धावत गेली. मी मनली, साहेब, पान खाऊन पाहा, आंबट लागते. तं मनले, मले गांजा चाखाले सांगते का?

अर्धं वावर कापलं ताई. कवळी कवळी झाडं, कळ्या धरून होती. मी पाहत राह्यली. मंग मले गाडीत बसवलं. सारा टोला रस्त्यावर उभा होता. माझ्या पोरीच्या शाळेसमोरून गाडी गेली.

तुमच्या भावानं टेकडीवर चढून तुमाले फोन लावला अन तुमी आल्या. तुमी आल्या तवा मले बापासारखा आधार वाटला, खोटं नाई लिवत. तुमी टेबलावर कळी फोडून दाखवली, हे भेंडीच्या कुळातलं आहे, भांगेचं फूल असं नसतेच, मनून साहेबाले सांगतलं. माझ्या तोंडावर त्यायनं इश्वास नोता ठेवला, तुमच्यावर ठेवला. मले वाटलं, शिकलेली नणंद असावं.

अन मंग साहेब हासून मनले, मॅडम, आमाले फोन करनारा तं मनला का तिची नणंदच चंद्रपुरात सांगून राह्यली होती.

तुमचं तोंड मी पाह्यलं. तुमी माझ्याकडं नाई पाह्यलं.

ताई, हेवा मीही केला तुमचा. तुमच्या पक्क्या घराचा, नळाचा, सायंकाळी तुमच्यासाठी चाय मांडनाऱ्या जावईबापूचा, भितीवरच्या फोटोचा. मले वाटे हेवा हा खालून वरच करता येते. तुमी माझा करसान, हे माझ्या सपनातही नोतं. माझ्यापाशी हेवा करासारखं काय होतं? येवढं एक अंबाडीचं वावर. थेही तुमाले पाह्यवलं नाई?

आईले मी काई सांगतलं नाई. सांगणारही नाई. तिच्या मनात तुमी जशा आहा तशाच राहा.

कापणीले येणार होत्या त्या अंजनाबाई अन बाकीच्या बाया आता येत नाईत. पोलीस पुन्हा येईन मनतेत. उरलेली अंबाडी फुलावर आली, आता नाई कापली तं वाख जाडाभरडा होईन अन शाजियाबाईच्या कामाचा राहणार नाई. मी एकटी कापून राह्यली. तुमाले बलावून नाई राह्यली. फक्त सांगून राह्यली.

पंचशीला


भद्रावती
४ नोव्हेंबर

वहिनी,
जयभीम.

माफीचं पत्र लिहिलं आणि फाडलं. ते वाचायला छान झालं होतं, म्हणूनच फाडलं.

मी ठाण्यातून घरी आले नाही कारण आईनं मला तुमच्यासमोर शाबासकी दिली असती. ती मला सोसली नसती.

माझा हेवा संपला असंही लिहीत नाही. संपला नाही. पण त्याची झळ तुमच्या पोरीच्या शाळेपर्यंत जाईल, हे मला कळायला हवं होतं. येताना तिच्या शाळेत जाऊन सगळ्या पोरांना अंबाडीचं फूल दाखवीन, तेवढं तर मला येतं. अंजनाबाईच्या आणि बाकीच्या दारीही जाईन. कोण काय बोललं होतं ते त्यांना माझ्याच तोंडून कळेल.

शाळेत रजा टाकली आहे. हे म्हणाले, जा, मी जेवणाचं बघतो. शुक्रवारच्या गाडीनं येते. एक विळा माझ्यासाठी ठेवा. बोडीतही उतरेन. तुम्ही घरात घेतलं नाहीत तर वावरात राहीन.

नंदिनी


मुक्काम नागपूर
१० डिसेंबर

नंदिनीताईले,
सप्रेम जयभीम वि. वि.

मी खुशाल आहे. शाजियाबाईच्या घरी राहून राह्यली. त्यायच्या अम्मी मले पोटभर खाऊ घालतेत अन अजून घे मनतेत. तुमची निळी साडी रोजच नेसली तं लोकं ओळखतीन, मनून एक दिवसाआड नेसते.

ताई, इथी काय गर्दी आहे! मी खाली बसून दोर वळते तं लोकं उभे राहून पाहतेत. एकजण पायानं पकडलेल्या टोकाचाच फोटो काढत होता. कागद करणारे एक भाऊ आले होते, त्यायले साल काढल्यावर उरलेल्या सनकाड्या पाह्यजे. आपुन तं त्या चुलीत घालतो! रोपवाटिकेवाल्या बाईले रोपाच्या पिशव्या पाह्यजे, मातीत पुरल्या का सडून जाईन अशा. शाजियाबाई मनतेत पुढच्या साली आपल्या टोल्यातल्या पाच-सहा घरानं पेरावं. बोर्डावर फक्त 'अंबाडी' लिवाचं, असं मी सांगून ठेवलं.

तुमच्या हेम्पच्या पिशव्या पेटीत घालून देल्ल्या होत्या ना, त्याही मांडल्या. लोकं हातात घेतेत, हासतेत, ठेवून देतेत. एका डॉक्टरीणबाईनं एक घेतली अन मनली का कापड लई टिकाऊ दिसते. मी मनली, माझ्या नणंदेनं शिवली. शाजियाबाई मनतेत, परवान्याचा दिवस आला का नंदिनीशिवाय हे काम कोणाले जमणार नाई.

इथी मले तुमची आठवण येते असं लिवणं बरं दिसते, पन खरं सांगते, मले मजा येऊन राह्यली. तुमी जळा.

एक गोष्ट मात्र इसरली नाई. बोडीतून आपुन दोघी संगं निघालो, अन आईनं तुमचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळलं. माझे मी चुलीजवळ वाळवले. अन मंग मलेच बोलली, माझ्या लेकीले पान्यात काऊन उतरवलं मनून. ताई, तवा मले वाटलं, तुमाले पुन्हा बोडीत ढकलून द्यावं.

वाळत घातलेल्या वाखावर दव पडू देऊ नोका, सांजच्याले आत घ्या. पोरीले टाइमावर शाळेत पाठवा. कमीजास्त लिवलं असन तं हासून सोडून द्या.

तुमची,
पंचशीला


कोसमटोला
१४ डिसेंबर

प्रिय सौ. पंचशीलावहिनी,
सप्रेम जयभीम वि. वि.

दादा वाखाची नवी गाठोडी घेऊन तुमच्याकडे निघालाय. दारात उभा राहून घाई करतोय, म्हणून अक्षर असं आलंय.

वाख सगळा वाळला. रोज संध्याकाळी आत घेते. पोर शाळेत जाते, वेणी मात्र मी घातलेली तिला आवडत नाही, तुमच्यासारखी घट्ट येत नाही म्हणते. अंजनाबाई आणि तिच्या जावा आता येतात, पुढच्या वर्षी बी द्याल का विचारतात. माझी रजा संपत आली, हे निरोपावर निरोप पाठवताहेत. तुम्ही आलात की मी निघेन. हातांचा वास अजून जात नाही. शाळेत पोरं काय म्हणतील कोण जाणे.

जळायला सांगितलंत, तर जळले. कागदवाले, रोपवाटिकावाल्या, सगळ्यांबद्दल वाचून नीट, मन लावून जळले. डॉक्टरीणबाईंचं वाचून थोडी थांबले.

तेल चोळण्याचं तुम्ही लिहिलंत. तुम्ही चुलीकडे तोंड करून उभ्या होता, ते मला दिसलं होतं. मी पाय ओढून घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. आईनं फार वर्षांनी माझे पाय धरले होते.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

काल दुपारी मी अंगणात बसून दोर वळत होते. आई शेजारी होती, मी हट्टानंच तिला बसवलं होतं, दाखव म्हणून. तेवढ्यात अंजनाबाई आल्या. आईनं माझ्या हातातला दोर घेतला, ताणून पाहिला, आणि सगळा उलगडून टाकला. मग अंजनाबाईंना म्हणाली की लेकीले नाई शिकवलं थे बरंच झालं, हे तिच्या हातातच नाई. माझी सासू मोठी दोर वळणारी, पन तिलेही असा पीळ जमला नाई जसा पंचशीलाले जमते. मलेही नाई जमला. पहिल्या साली मी तिले लई तरास देल्ला, तिच्या जागी दुसरी असती तं माहेरी पळाली असती. अंजनाबाईंनी विचारलं की मग हे सुनेला का नाही सांगत? तर आई म्हणाली, तोंडावर नाई सांगत, चढून बसन.

मी तिथंच होते, उलगडलेला वाख मांडीवर घेऊन. माझ्याबद्दल ती असं कोणाला सांगताना मी कधी ऐकलेलं नाही. माझ्या डिग्रीबद्दल सांगते, पगाराबद्दल सांगते. हातांबद्दल नाही.

ही गोष्ट माझ्यापाशीच ठेवायची असं काल मी ठरवलं होतं. आई तुम्हाला सांगणार नाही, अंजनाबाई विसरतील, आणि तुम्हाला कधी कळणारही नाही. झोपतानाही तेच ठरलेलं होतं. सकाळी दादा गाठोडी बांधायला लागला आणि वाखाची शेवटची जुडी मी त्याच्या हातात दिली, तेव्हा कागद मागून घेतला.

तर वहिनी, तिनं असं म्हटलं. शब्द एकही कमी केलेला नाही. आता खुशाल चढून बसा.

लोभ तुमच्याकडून असावा. हेव्याचं मी बघते.

तुमची नणंद,
नंदिनी